अफूच्या कुळातील व्यसन : उपचार आणि कुटुंब

(वार्षिक संमेलनातील आरोग्य-सत्रात केलेले भाषण)



या सत्रात आपण दरवर्षी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांवर बोलतो. यंदा आम्ही कार्यकारिणीकडून निराळा विषय मुद्दाम मागून घेतला. व्यसन म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे दारू उभी राहते. ऐंशीच्या दशकातील मुंबई-पुणे ज्यांनी पाहिले, त्यांना ‘गर्द’ आठवेल. त्या विषयावरील अनिल अवचट यांचे लेखन आणि 1986 साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्यासह त्यांनी उभे केलेले ‘मुक्तांगण’ही आठवेल. गर्द म्हणजे हलक्या प्रतीचे हेरॉईन, अफूचेच अपत्य. येथे अमेरिकेत आपल्या घरांत जे शिरते आहे ते त्याच कुळातले आहे. मात्र त्याची वाट वेगळी आहे.

ही वाट पुष्कळदा डॉक्टरच्या चिठ्ठीवरून सुरू झाली. अक्कलदाढ काढली, खेळताना गुडघा दुखावला, पाठीची शस्त्रक्रिया झाली, की वेदनेसाठी ऑक्सिकोडोन किंवा हायड्रोकोडोनच्या गोळ्या हाती पडत. 1996 साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले आणि त्याची सवय क्वचितच लागते असे डॉक्टरांच्या मनावर बिंबविले गेले. पुढे चिठ्ठ्यांवर निर्बंध आले, तेव्हा 2010 च्या सुमारास अनेक रुग्ण हेरॉईनकडे वळले आणि 2013 नंतर फेंटानिल आले. हे कृत्रिम द्रव्य मॉर्फीनच्या सुमारे शंभरपट तीव्र असते. आज ते बनावट गोळ्यांत भरले जाते. अभ्यासाची गोळी किंवा झोपेची गोळी म्हणून मित्राकडून घेतलेल्या एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. सर्व प्रकारच्या अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने या देशात 2022 साली सुमारे 1 लाख 8 हजार माणसे दगावली. 2024 साली हा आकडा 80 हजारांच्या आसपास उतरला, ही दिलाशाची गोष्ट खरी. परंतु 80 हजार म्हणजे एक मोठे तालुक्याचे गाव होय.

घरात हे उघडकीस येते तेव्हा आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, किती दिवसांत सुटेल?’ या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे. विष अंगातून उतरले की आजार संपला, ही ती समजूत. अंगातून द्रव्य उतरविण्याच्या क्रियेला आम्ही निर्विषीकरण, अर्थात डिटॉक्स, म्हणतो. हेरॉईन थांबविल्यावर साधारण आठ ते चोवीस तासांत ज्याला आपल्याकडे ‘टर्की’ म्हणतात ती सुरू होते. घाम, जांभया, डोळ्यांना-नाकाला पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, हाडे मोडल्यासारखे दुखणे आणि झोपेचा पूर्ण अभाव, अशी ती लक्षणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोहोचतात आणि आठवडाभरात बहुतांशी ओसरतात. ती क्वचितच जीवघेणी ठरतात. तरीही उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी आटून मृत्यू आलेले आहेत. म्हणून खोलीला कुलूप लावून घरच्या घरी ‘टर्की काढणे’ हा शहाणपणा नव्हे. रुग्णालयात क्लोनिडीनसारख्या औषधांनी हा त्रास पुष्कळ सुसह्य करता येतो. भूल देऊन एका दिवसात व्यसन उतरवितो, अशा जाहिराती करणारी केंद्रेही निघाली होती. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर तुलनेत त्या पद्धतीचा अधिक लाभ दिसला नाही, उलट गंभीर धोके मात्र दिसले. त्या वाटेला कोणीही जाऊ नये.

आठवडा सरतो, मुलगा जेवू लागतो, हसू लागतो, घरात दिवाळी असल्यासारखे वाटते. आम्हांला खरी भीती याच दिवसाची वाटते. कारण या काळात त्याच्या शरीराने एक गोष्ट गमावलेली असते, ती म्हणजे द्रव्य सोसण्याची ताकद. मेंदूतील ओढ मात्र तशीच असते आणि ती महिनोन्‌महिने राहते. पूर्वी पचत असे तेवढी मात्रा त्याने एकदा जरी घेतली, तरी श्वास थांबतो. लंडनमध्ये रुग्णालयात दाखल होऊन निर्विषीकरण केलेल्या 137 रुग्णांचा मागोवा 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी तिघे चार महिन्यांच्या आत अतिमात्रेने गेले आणि ते तिघेही उपचार अर्धवट सोडणाऱ्यांपैकी नव्हते. ज्यांनी तो यशस्वीपणे पूर्ण केला होता, त्यांच्यापैकी होते.

आपल्या कुटुंबांत हाच प्रकार दुसऱ्या वेषात घडतो. ‘त्याला चार महिने नागपूरला आजीकडे ठेवू, संगत सुटेल, गावचे पाणी लागेल,’ असे ठरते. आजीचे प्रेम आम्ही कमी लेखत नाही. तेथे तो खरोखरच कोरडा राहतो, वजनही वाढते. मग तो विमानाने परत येतो. जुनी खोली, जुना फोन, जुने नंबर आणि सोसण्याची ताकद शून्य. आम्ही ज्या कुटुंबांना भेटतो, त्यांना एवढेच सांगतो की पाठवायचेच असेल तर तेथे उपचार चालू राहतील अशी आधी व्यवस्था करा आणि परतण्याच्या तारखेआधी येथील डॉक्टरची वेळ घेऊन ठेवा.

उपचार म्हणजे नेमके काय? त्यातील मुख्य भाग औषधांचा आहे. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वान्डर यांनी दाखवून दिले की मेथाडोन रोज ठरावीक मात्रेत दिल्यास रुग्ण शुद्धीवर राहतो, कामावर जातो आणि हेरॉईन शोधत नाही. मेथाडोन या व्यसनासाठी परवानाप्राप्त केंद्रातूनच मिळते. दुसरे औषध ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवावयाच्या स्वरूपात ते 2002 पासून येथे उपलब्ध आहे. मेंदूतील ज्या जागी अफू बसते तेथेच ते घट्ट बसते, पण तिला अर्धेच चेतविते. त्यामुळे ओढ शमते आणि श्वास बंद पडण्याचा धोका बराच कमी राहतो. पूर्वी ते लिहून देण्यासाठी डॉक्टरला खास परवानगी लागे. 2022 च्या अखेरीस झालेल्या कायद्याने ती अट गेली, म्हणून आता तुमचा नेहमीचा डॉक्टरही ते देऊ शकतो. पहिली मात्रा मात्र टर्की स्पष्ट दिसू लागल्यावरच घ्यावी. घाईने घेतल्यास तीच लक्षणे एकदम उसळतात आणि फेंटानिल चरबीत मुरत असल्याने तेथे अधिक सावधगिरी लागते. नाल्ट्रेक्सोनचे मासिक इंजेक्शन हा तिसरा पर्याय. पण त्यासाठी आधी अंग पूर्ण कोरडे व्हावे लागते आणि तेथवर पुष्कळजण पोहोचत नाहीत.

‘म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे लावायचे का?’ हा आक्षेप सुशिक्षित घरांत अधिक ऐकू येतो. व्यसन म्हणजे केवळ औषधावर अवलंबून असणे नव्हे. हानी दिसत असूनही तेच करीत राहणे, त्यासाठी खोटे बोलणे, नोकरी-शिक्षण उधळणे, हे व्यसन. सकाळी गोळी घेऊन वर्गात जाणारा मुलगा व्यसनी नव्हे. तो उपचार घेणारा रुग्ण आहे. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून 2017 साली मांडलेला हिशेब असा की मेथाडोन चालू असताना दर हजारी वर्षाला सुमारे 11 रुग्ण दगावतात आणि ते सुटलेल्या काळात सुमारे 36. म्हणून ‘आता बरा दिसतो, बंद करू या’ हा निर्णय नातेवाईकांनी घेऊ नये. समुपदेशन, गटसभा, नियमित दिनक्रम यांचे मोल आहेच. ते औषधाच्या जोडीने असावे, औषधाऐवजी नव्हे.

आता थोडे आपल्या घरासंबंधी. पाचवे शील आपण दर रविवारी घेतो, त्यामुळे घरात व्यसन निघाले की आईवडिलांना ते शील मोडल्याचा कलंक वाटतो. मग विहारात येणे थांबते, फोन उचलणे थांबते आणि मुलगा त्या बंद घरात अधिकच एकटा पडतो. शील हे ज्याने-त्याने स्वतः घ्यावयाचे असते. दुसऱ्याला मोजावयाची ती पट्टी नव्हे. आणि शिक्का मारून माणसाला दूर बसविणे म्हणजे काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको.

गुप्ततेविषयीही शंका असते. व्यसनोपचाराच्या नोंदींना येथील संघराज्याच्या कायद्याने विशेष संरक्षण आहे. रुग्णाच्या संमतीवाचून त्या मालकाला सहसा कळविता येत नाहीत. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याच्या संमतीवाचून डॉक्टर पालकांनाही त्या दाखवीत नाहीत. येथे रागावून उपयोग नाही. संमतिपत्रावर सही करण्याइतका त्याचा विश्वास मिळवावा. ज्यांचे नागरिकत्वाचे कागद अद्याप प्रक्रियेत आहेत, त्यांनी व्हिसाच्या वकिलाला आधी विचारावे. मात्र त्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

शेवटची गोष्ट नालोक्सोनची. नाकात मारावयाचा हा फवारा 2023 पासून चिठ्ठीवाचून दुकानात मिळतो. ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद किंवा घोरल्यासारखा, हाका मारून जाग नाही, असे दिसले की 911 ला फोन करावा आणि एका नाकपुडीत फवारा मारावा. दोन-तीन मिनिटांत जाग न आल्यास दुसऱ्या नाकपुडीत दुसरा मारावा. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, श्वास असेल तर कुशीवर वळवून ठेवावे. त्याचा प्रभाव तासा-दीड तासात ओसरतो आणि द्रव्य अंगात उरलेले असू शकते, म्हणून शुद्ध आली तरी रुग्णवाहिका परत पाठवू नये. घरात कोणी व्यसनी नसले, तरी ज्या घरात शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्या आहेत किंवा महाविद्यालयात जाणारी मुले आहेत, तेथे तो असावा. उरलेल्या गोळ्या औषधांच्या दुकानातील परतीच्या पेटीत टाकाव्यात, न्हाणीघराच्या कपाटात ठेवू नयेत. भोजनानंतर मागच्या दालनात आम्ही सरावाचे रिकामे फवारे घेऊन बसणार आहोत. मोठ्या मुलांना सोबत घेऊन यावे.