गाडीचा हौदा



घरात नवी गाडी घ्यायची ठरली की चार माणसे चार गोष्टी पाहतात. थोरला मुलगा गाडीचा तोंडवळा पाहतो, बाप हप्ता किती बसेल ते विचारतो, चालवणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, आणि म्हातारी आई नारळ कोण फोडणार याची चौकशी करते. मागच्या हौद्याकडे मात्र कोणी फारसे बघत नाही. वास्तविक पुढची दहा-पंधरा वर्षे घराचे पोट भरणार असतो तो हौदाच! म्हणून आज डहाणू-तलासरीच्या शेतकऱ्यांशी, मासळीवाल्यांशी आणि गुरुजींशी या हौद्याविषयीच चार शब्द बोलणार आहे.

आपल्या वाडवडिलांना ही दृष्टी होती. बैलगाडीत खत भरायचे तर बाजूला फळ्या लावीत, गवत भरायचे तर उंच खुंट रोवीत. गाडी एकच, पण मालाप्रमाणे तिचे रूप बदले. पुढे मोटार आली. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती विकायला काढली. त्याआधी तिथला शेतकरी स्वतःच हौदा जोडून घेई. आपल्याकडे १९५८ साली पुण्याच्या फिरोदियांनी एका जर्मन कंपनीच्या सहकार्याने ‘बजाज टेम्पो’ ही कंपनी काढली. त्या गाडीचे नाव असे रुळले, की आज कोणत्याही कंपनीची गाडी असो, आपण तिला टेम्पोच म्हणतो. २००५ साली टाटांची लहान गाडी आली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. आता तर पाड्यापाड्यावर पिकअप उभी दिसते.

तर मंडळी, हौदा कसा असावा? हे मालालाच विचारले पाहिजे. आपल्या दोन तालुक्यांतला माल मुख्यतः तीन जातींचा.

पहिला चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे फळ झाडावरून उतरते तेव्हा कठीण असते, म्हणून आपण त्याला दगडासारखे वागवतो. पण धक्का तेव्हा दिसत नाही. तो तीन दिवसांनी, फळ पिकल्यावर बाजारात दिसतो. चिकूच्या हौद्याला म्हणून तीन गोष्टी हव्यात. तळ सपाट हवा. बाजूने वारा खेळता हवा, कारण काढलेले फळही श्वास घेते आणि कोंडले की तापते. आणि क्रेट जागचा हलता कामा नये.

दुसरी मासळी. डहाणू, झाई, चिंचणीच्या किनाऱ्यावरून ती बर्फात निघते. बर्फ वितळतो, खारे पाणी हौद्याच्या सांध्यात शिरते आणि पत्रा आतून खाते. वरून रंग चकचकीत, खाली चाळण! तेव्हा मासळीवाल्याने हौद्याला किंचित उतार आहे का, पाणी निघायला भोक आहे का, ते आधी बघावे. पण ते पाणी नळीने डब्यात घ्यावे, रस्त्यावर सोडू नये. ओल्या डांबरावर मागचा मोटारसायकलवाला घसरला तर आपल्या बर्फाचे पाणी त्याच्या जिवावर बेतते. आणि खेप संपली की हौदा गोड्या पाण्याने, खालच्या बाजूनेसुद्धा, धुवून टाकावा.

तिसरा माल गवत, भाताचा पेंढा, विटा, लाकूड. यात गवत मोठे फसवे. वजनाला हलके, म्हणून माणूस रचत जातो आणि गाडीचे घर होते. उंच भाराला वारा ढकलतो, वळणावर गाडी कलते. गवताच्या भाराचे मोल मात्र या तालुक्यांना कोणी शिकवायला नको. १९४५ साली इथल्या वारली मजुरांनी संप केला तो गवतकापणीच्या मजुरीसाठीच. ५०० पौंड गवताला अडीच रुपये द्या, अशी त्यांची मागणी होती. माप काय आणि वजन काय, हा इथे तेव्हाही पोटाचा प्रश्न होता. आजही आहे.

आता मापाकडे येऊ. गुरुजी, हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. समजा, हौदा आतून ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद आहे. म्हणजे सुमारे २७४ आणि १६८ सेंटिमीटर. क्रेट ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद आणि २९ उंच. आडवे तीन क्रेट बसतील, लांबीत सात. एका थरात २१. तीन थर लावले तर ६३ क्रेट, उंची ८७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट. हौद्याचा फाळका मात्र बहुधा दीड फुटाच्या आसपास. मग वरचा निम्मा माल कशाच्या आधारावर उभा? नुसत्या दोरीच्या! म्हणून फाळक्यावर बसणारी आणि हवी तेव्हा काढता येणारी जाळी घ्यावी. आणि दुकानात जाताना आपला एक क्रेट बरोबर न्यावा. विकणारा हसला तर हसू द्या. हौद्यात क्रेट ठेवून माप बघावे, मग सौदा करावा.

फाळके तिन्ही बाजूंनी उघडणारे असावेत. एकाच बाजूने उघडणारा असेल तर शेवटचा क्रेट काढायला गड्याला सगळा हौदा तुडवावा लागतो. खिट्टी अशी असावी की धक्क्याने आपोआप उघडणार नाही आणि लावताना बोट चेपणार नाही. दोरी अडकवायला कड्या भरपूर हव्यात. फाळक्याला जोडलेल्या नव्हेत, खाली चौकटीला जोडलेल्या. तळाचा पत्रा खडबडीत असावा, म्हणजे पावसात पाय घसरत नाही. हौद्याची उंची तर बाईमाणसाच्या कमरेशी ताडून पाहावी. वाडीत क्रेट उचलणारे हात पुष्कळदा तिचेच असतात. पाय ठेवायला एक पायरी आणि धरायला एक मूठ, एवढ्याने तिच्या पाठीचे किती दुखणे वाचेल!

हिशेब इथे संपत नाही. गाडीच्या कागदावर भरल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन लिहिलेले असते. दोहोंची वजाबाकी करावी. उरतो तो भार, आणि त्यातच चालक नि गडीही आले. समजा, मालासाठी १,३०० किलो उरले. भरलेला क्रेट २२ किलोचा. म्हणजे ५९ क्रेट. तीन थर पुरते भरले तर ६३, वजन १,३८६ किलो. इथेच रेघ ओलांडली. चौथा थर चढवला की ८४ क्रेट, १,८४८ किलो! साडेपाचशे किलो जास्त. काही जण यावर तोड काढतात, पाटे वाढवतात. भाऊ, पाटे वाढवले म्हणजे गाडी खाली बसत नाही, एवढेच. ब्रेक तेच, टायर तेच, चालवणाराही तोच. चारोटीजवळ समोरचा ट्रक अचानक थांबला म्हणजे ब्रेक पाट्यांना विचारायला जात नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार जादा भाराला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जास्तीचा माल उतरवून ठेवायचा. हौद्याबाहेर आलेल्या मालालाही २०,००० रुपये दंड आहे. शिवाय हौदाच जड बांधून घेतला तर तोही भारातच मोजला जातो. शोभेसाठी १५० किलो लोखंड चढवले, तर सात क्रेट कायमचे उतरले म्हणून समजा. तेव्हा गरजेपुरतीच चौकट घ्यावी, आणि बदल परिवहन कार्यालयाला विचारून करावा.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मुख्यतः बोलायला बसलो, ती सांगतो. आपल्याकडे हौद्यात माणसे बसतात. लग्नाचे वऱ्हाड, चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला निघालेली मंडळी, पहाटे वीटभट्टीवर किंवा कारखान्यात निघालेले मजूर. एसटी वेळेवर नाही, रिक्षाला पैसे नाहीत. माणूस काय करील? बसणाऱ्याला मी दोष देत नाही. पण एक गोष्ट बसणाऱ्याला आणि बसवणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असली पाहिजे. मालवाहू गाडीचा नेहमीचा विमा हौद्यातल्या प्रवाशाला लागू होत नाही. १९९४ च्या कायदादुरुस्तीने मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत माणूस विम्यात घेतला; इतर प्रवासी घेतले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात हेच स्पष्ट केले. म्हणजे गाडी उलटली तर विमा कंपनी हात वर करू शकते. मेलेल्याचे घर उघड्यावर पडते, आणि भरपाईचा बोजा गाडीच्या धन्यावर येऊन त्याचेही घर बुडते. एका खेपेत दोन घरे! मालाच्या हौद्याला माणसाचा पट्टा नसतो, आसन नसते. क्रेटला आपण दोरी बांधतो. पोराला काय बांधणार?

म्हणून विनंती अशी. गाडीवाल्याने “चल, बस मागे” असे म्हणण्यापूर्वी घरच्या माणसाचा चेहरा आठवावा. यात्रेला, लग्नाला जायचे असेल तर गावाने वर्गणी काढून एसटी ठरवावी. जिथे मजूर रोज जातात, तिथे कंत्राटदाराकडे आसनांची गाडी मागावी. एकट्याने मागितली तर कोणी ऐकत नाही, पंचवीस जणांनी मागितली तर ऐकावे लागते. हे तलासरीला निराळे सांगायला नको.

शेवटी थोडे सौंदर्याविषयी. गाडी देखणी असावी, यात वावगे काय? लग्नात जसा भिंतीवर चौक लिहितात, तसे मागच्या फाळक्यावर गेरूच्या रंगात वारली नाच काढला तर मला तरी आवडेल. मात्र पुढची पांढरी, बाजूची पिवळी आणि मागची लाल चमकपट्टी रंगाखाली झाकू नये. रात्री मागून येणाऱ्याला तुमचे चित्र दिसत नाही, ती पट्टी दिसते. तसेच माल लांब आहे म्हणून मागचा फाळका खाली सोडून गाडी हाकू नये. फाळका खाली लोंबला की लाल दिवे आणि नंबर त्याच्याआड जातात.

गुरुजी, उद्या वर्गात एक करा. ज्या मुलांच्या घरी किंवा शेजारी गाडी असेल त्यांना आतून हौदा मोजून आणायला सांगा. कागदावरची दोन वजनेही उतरवून आणू द्या. मग फळ्यावर गणित मांडा: क्रेट किती, थर किती, माणसे किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हौद्यापुरते शून्य येते. ते शून्य एखादे पोर घरी जाऊन बापाला सांगेल. आमच्या दहा भाषणांनी होणार नाही ते काम त्या एका शून्याने होईल.