ठगाची जबानी आणि साहेबाची लेखणी

(मुकुटबन येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा संक्षेप)

अर्थशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने इंग्रज कादंबरीकारावर का बोलावे, हा प्रश्न रास्त आहे. पण हा कादंबरीकार आपल्या इतिहासातला आहे. १८५३ च्या तहाने निजामाने फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. त्याच तहात नळदुर्गचा मुलूखही गेला आणि तेथे कारभारी म्हणून आला फिलिप मेडोज टेलर. १८५७ च्या धामधुमीत तो वऱ्हाडात, बुलढाण्यासही होता.

१८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला टेलर पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीस आला. पेढी डबघाईला आलेली होती. म्हणून १८२४ मध्ये तो निजामाच्या फौजेत शिरला. माणूस सहृदय होता. १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका त्याने तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली निवडली. १८७६ साली तो वारला.

परंतु त्याची कीर्ती उभी आहे ती १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’वर. अमीर अली नावाचा ठग साहेबापुढे आपल्या खुनांची जबानी देतो आणि साहेब ती लिहून घेतो. बोलणारा कैदी, लेखणी मात्र सत्तेची! ठगी नव्हतीच असे माझे म्हणणे नाही. माझा प्रश्न एवढाच की, ही माणसे आली कोठून? १८१८ नंतर पेशवाई बुडाली, पेंढारी मोडले, संस्थानांच्या फौजा घटल्या. हजारो हातांचे काम गेले. अमीर अलीही काही काळ पेंढाऱ्यांत सामील होतो. म्हणजे धागा कादंबरीकाराच्या हाती होता. तो त्याने शेवटपर्यंत ओढला नाही. वाचकाच्या मनात राहिला तो रक्तातच गुन्हा घेऊन वावरणारा माणूस. बेकारी मात्र दृष्टीआड झाली.

कायद्याची दिशाही तीच होती. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होणे एवढेच जन्मठेपेला पुरेसे ठरले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अख्ख्या जमातींवर शिक्का मारला. एका कादंबरीने कायदा घडविला असे मी म्हणणार नाही. पण सुशिक्षितांचे मन त्या कायद्यास राजी करण्यात अशा साहित्याचा वाटा होता.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. मनातला मात्र झालेला नाही. चोरी झाली की संशय आधी पारधी बेड्याकडेच वळतो, हे आपण जाणता. तेव्हा साथींनो, बेड्यावर जाल तेव्हा केवळ सहानुभूती घेऊन जाऊ नका. ती टेलरपाशीही होती. जमिनीचा पट्टा, जातीचा दाखला, शिधापत्रिका आणि मुलांची शाळा यांची मागणी घेऊन जा. आणि जबानी लिहायचीच असेल, तर लेखणी त्यांच्या हाती द्या.