डर्ट बाइकचा टायर घरी बदलताना

डर्ट बाइकच्या, म्हणजे माती-खडकांच्या वाटेवर चालवण्यासाठी बनवलेल्या मोटारसायकलीच्या, ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण 12 ते 15 पीएसआय इतका कमी ठेवतात. त्यामुळे पकड वाढते, परंतु एकदम वेग घेताना टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जाण्याचा धोकाही निर्माण होतो. तो टाळण्यासाठी रिमलॉक, म्हणजे टायरची कड आतून रिमला दाबून धरणारा भाग, बसवलेला असतो आणि टायर काढण्यापूर्वी त्याचा नट सैल करण्याचा विसर पडला, तर बाकीची सारी मेहनत वाया जाते.

हवा पूर्ण सोडल्यावर टायरची कड रिमपासून सुटी करतात. या कडेत पोलादी तार असल्याने ती ताणली जात नाही. म्हणूनच रिमच्या मध्यावरील खोलगट भागात समोरच्या बाजूची कड ढकलली, की अलीकडे पुरेशी ढिलाई मिळते आणि टायर लिव्हरने ती थोडी थोडी बाहेर काढता येते. सारे कौशल्य येथेच आहे, दंडाच्या जोरात नव्हे. जेथे फार जोर लागतो, तेथे पलीकडची कड खोलगट भागातून वर आली आहे, असे खुशाल समजावे.

नवा टायर उन्हात ठेवून मऊ करतात, कडेला साबणाचे पाणी लावतात, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असल्यास तो तपासतात आणि ट्यूब लिव्हरखाली चिमटू नये म्हणून तिच्यात आधीच किंचित हवा भरतात. कड रिमवर सर्वत्र सारखी बसल्यानंतरच रिमलॉकचा नट आवळतात.