पाहुण्यांची मुंबई

गावाकडून पाहुणे आले, की मुंबई दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. चौपाटी, राणीची बाग, नटांचे बंगले. बहुतेकांची मुंबई एवढ्यातच आटोपते. मी मात्र त्यांना आधी बोरीबंदरला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर नेतो. १८७८ साली बांधायला घेतलेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. गाडी पकडण्याच्या घाईत तिच्या भिंतींवरचे कोरीव प्राणी-पक्षी कोण पाहतो?

तिथून पायी हुतात्मा चौक. १८६४ चे फ्लोरा फाउंटन पाहून झाले, की शेजारच्या स्मारकापाशी मी पाहुण्यांना थांबवतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले, तेव्हा १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र झाला. पाहुण्यांच्या पोरांना हे कुणी सांगितलेलेच नसते. आपण नाही सांगायचे, तर कुणी?

मग गेटवेवरून लाँचने घारापुरी. तासाभराचा प्रवास, सोमवारी लेणी बंद असतात, एवढे लक्षात ठेवा. तिथल्या तीन मुखांच्या भव्य शिवापुढे बडबडी पोरेही गप्प होतात.

नटाचा बंगला फाटकाबाहेरूनच पाहावा लागतो. ही ठिकाणे मात्र आपली आहेत. पाहुण्यांच्या निमित्ताने आपणही ती पाहून घ्यावीत.