दुसऱ्याच्या चुलीपाशीं

एखाद्या घरची मुलगी किंवा मुलगा सेवाकार्यासाठीं परदेशीं जावयास निघाला, कीं आप्तेष्ट त्याला एकच प्रश्न विचारतात : तेथें जाऊन तूं काय करणार? शाळेंत शिकविणार, रुग्णांची शुश्रूषा करणार, कीं पडलेलीं घरें बांधणार? तो जेवणार कोणाच्या घरीं आणि त्या घरांत त्याचें स्थान काय असणार, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याच्या कार्याचें भवितव्य बव्हंशीं यजमानांच्या चुलीपाशींच ठरत असतें. म्हणून आज सेवेपेक्षां सहवासाविषयींच चार शब्द बोलावे असें मीं योजिलें आहे.

परक्या देशांतील कुटुंबांत राहून तो देश समजून घ्यावा, या कल्पनेला संस्थेचें रूप येऊन अद्याप शंभर वर्षें झालीं नाहींत. १९३२ सालीं डोनाल्ड वॉट या अमेरिकन गृहस्थांनीं ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ ही संस्था काढली. तरुणांनीं प्रवाशांप्रमाणें हॉटेलांत न उतरतां कुटुंबांत राहावें, हें तिचें सूत्र झालें. १९३४ सालीं या संस्थेमार्फत जर्मनीस गेलेल्या तरुणांत सार्जंट श्रायव्हर हे होते. पुढें १९६१ सालीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनीं ‘पीस कोअर’ची स्थापना केली, तेव्हां तिचे पहिले संचालक हेच श्रायव्हर झाले. भारतांतही या संघटनेचे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत काम करीत होते. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर यांनीं तर वयाच्या ६८ व्या वर्षीं परिचारिका म्हणून मुंबईच्या विक्रोळी भागांत येऊन सेवा केली.

उदाहरणासाठीं आपण नेपाळ घेऊं. तेथें पीस कोअरची पहिली तुकडी १९६२ सालीं गेली. आणि २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपांत सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं, त्यानंतर तर देशोदेशींचे स्वयंसेवक तेथील खेड्यांत जाऊन राहिले. मराठी तरुणाला हा देश परका वाटूं नये असें पुष्कळ कांहीं तेथें आहे. लिपि आपलीच आहे. भाताला भात म्हणतात, चुलीला चुलो आणि पाहुण्याला पाहुना. घड्याळ आपल्यापेक्षां अवघीं पंधरा मिनिटें पुढें! परंतु या साम्यानें फसूं नये. गांवांतील शिक्षक मुलांना ‘शिक्षा’ देण्याविषयीं तळमळीनें बोलूं लागले, तर दचकण्याचें कारण नाहीं. तेथें शिक्षा म्हणजे शिक्षण. शब्दांचें जें होतें तेंच चालीरीतींचें होतें. ओळखीच्या वाटतात त्याच अधिक जपून पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट जेवणाची. डोंगरांतल्या घरीं पहाटे चहा होतो, सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास डाळ-भात-भाजीचें जेवण, दुपारीं ‘खाजा’ म्हणून कांहीं हलकें खाणें, आणि सांजावल्यावर पुन्हा डाळ-भात. न्याहारीची आणि दुपारच्या जेवणाची संवय असलेल्या पोटाला हें अंगवळणी पडण्यास दोन आठवडे लागतात. वाढणारी माउली नको म्हटलें तरी वाढीत राहते. तेव्हां ताटावर हात आडवा धरून ‘पुग्यो’, म्हणजे ‘पुरे झालें’, हा शब्द पहिल्याच दिवशीं शिकून घ्यावा. वाटेंत भेटणारा माणूस ‘खाना खानुभयो?’ असें विचारतो. जेवलात का, एवढाच त्याचा अर्थ. तें आमंत्रण नव्हे, आस्था आहे. तिला तितक्याच साधेपणानें उत्तर द्यावें.

दुसरी गोष्ट उष्ट्याची. नेपाळींत त्याला ‘जुठो’ म्हणतात. ज्या भांड्याला ओठ लागले, ज्या ताटांत हात गेला, तें जुठें झालें. म्हणून पाणी वरून प्यावें, सामाईक भांड्यांत आपला चमचा घालूं नये, हवें तें मागून घ्यावें. आपल्या आज्यांना हें सांगावें लागलें नसतें. शहरांत वाढलेल्या नातवंडांना सांगावें लागतें. जुन्या वळणाच्या ब्राह्मण-छेत्री घरांत तर परक्यानें चुलीच्या जागीं पाऊलही टाकावयाचें नसतें. याचें मूळ जुनें आहे. १८५४ च्या ‘मुलुकी ऐन’ या कायद्यानें सर्व प्रजेची जातवार उतरंड लावली, आणि तींत युरोपियनांना ज्यांच्या हातचें पाणी चालत नाहीं अशांत बसविलें. तेव्हां शंभर वर्षांनंतर आलेल्या गोऱ्या स्वयंसेवकाला उंबऱ्याबाहेर पान मांडलेलें दिसलें, तर तो त्याचा व्यक्तिशः अपमान नव्हता. बोलावल्यावांचून उंबरा ओलांडूं नये, एवढें पथ्य पाळलें कीं पुष्कळ घरांत बोलावणें आपोआप येतें.

तिसरी गोष्ट नात्याची. त्या समाजांत वडील माणसाला नुसत्या नांवानें हांक मारीत नाहींत. थोरला तो दाइ, थोरली ती दिदी. धाकटीं तीं भाइ आणि बहिनी. घरचीं मोठीं माणसें आमा आणि बुबा. पाहुण्यालाही लवकरच यांतलें एखादें नातें मिळतें. हें केवळ लाडानें ठेवलेलें नांव असतें असें समजूं नये. ज्याला भाइ म्हटलें त्यानें थोरल्यांशीं ‘तपाईं’ असें आदरार्थीं बोलावें, बाहेर जातांना सांगून जावें, दशैंच्या सणाला थोरांकडून कपाळीं टीका लावून घ्यावा, हीं सारीं कर्तव्यें त्या एका हांकेंत येतात.

आतां खरी अडचण येते ती कामाची. पहिले कांहीं आठवडे तें घर पाहुण्याला काडीइतकेंही काम करूं देत नाहीं. उपयोगी पडण्यासाठीं आलेला मनुष्य दुसऱ्यानें भरलेलें पाणी पितो, दुसऱ्यानें रांधलेलें खातो, आणि घरच्या चार वर्षांच्या पोराइतकेंही त्याला बोलतां येत नाहीं! ही स्थिति अभिमानी माणसास फार बोचते. परंतु मला वाटतें, सेवेची खरी तयारी येथेंच होते. ज्याला घेतां येत नाहीं त्याच्या देण्यांत उपकाराचा वास येतो. यावर उपाय एकच : मोठें काम न मागतां लहान मागावें. सायंकाळीं ओटीवर मक्याचीं कणसें सोलीत बसावें, तांदळांतले खडे वेंचावे. हात कामांत असले म्हणजे जीभ मोकळी होते, आणि चुका सुधारण्याचा कंटाळा नसलेले शिक्षक, म्हणजे घरचीं मुलें, भोंवतीं जमतात.

संस्था बहुधा यजमानांस खर्चापोटीं कांहीं रक्कम देते. तिनें तांदळाची किंमत भागते, श्रमाची भागत नाहीं. पुष्कळ घरांत सून, म्हणजे ‘बुहारी’, सर्वांच्या मागून जेवते. पाहुणा उशिरा आला किंवा ताटावर गप्पा मारीत बसला, तर तिचें जेवण तितकें लांबतें. वेळेवर येणें व वेळेवर उठणें, ही त्या घरीं करतां येणारी पहिली सेवा होय. तसेंच, खोलीचें दार लावून एकटें बसलेलें माणूस तेथें दुःखी किंवा आजारी समजलें जातें, आणि कोणीतरी सोबतीला येऊन बसतें. एकांत हवा असेल तर त्याची वेळ ठरवून आमाला आधीं सांगावें. न सांगतां घेतलेला एकांत रुसव्यासारखा दिसतो.

शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. समजा, तुम्ही ज्या शाळेंत शिकवितां तेथील दलित विद्यार्थी तुम्हांला भेटावयास आला, आणि यजमानांनीं त्याला अंगणांतच थांबविलें. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनानें जातिभेदाचा कायदेशीर आधार काढून घेतला. २०११ सालीं स्वतंत्र कायदा होऊन अस्पृश्यता पाळणें हा दंडनीय गुन्हा ठरला. तरी उंबरे कायद्याइतके लवकर बदलत नाहींत. अशा वेळीं यजमानांना व्याख्यान देणें सोपें आहे, आणि अन्न खातों म्हणून मूग गिळून बसणें त्याहून सोपें आहे. माझ्या मतें दोन्ही टाळावीं. आपण अंगणांत उतरून त्या मुलाशेजारीं बसावें. त्याच्या घरीं जेवावयास बोलावलें तर उघडपणें जावें, आणि परत आल्यावर कोठें जेवलों तें लपवूं नये. यजमानांनाही शेजाऱ्यांचे बोल सोसावे लागतात, हें ध्यानांत ठेवून बोलणें सौम्य असावें; पण खोटें असूं नये. त्यामुळें कदाचित् तें घर सोडावें लागेल. तितकी किंमत देण्याची तयारी असावी, कारण घरांत जागा मिळावी म्हणून त्या मुलाची जागा विकतां येत नाहीं. आणि हें सांगतांना नेपाळकडे उंचावरून पाहण्याचा अधिकार आपल्याला नाहीं. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं डॉक्टर आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तें महाड आपल्याच कोंकणांतलें.

जातां जातां घरीं मागें राहणाऱ्या मातापितरांना एक विनंती. मुलीचें पत्र किंवा फोन आला म्हणजे ‘आज काय केलेंस?’ असें पहिल्या महिन्यांत विचारूं नका. ‘आज घरांत कोणाशीं बोललीस? भाजी कसली होती? आमाचा गुडघा कसा आहे?’ असें विचारा. या प्रश्नांचीं उत्तरें तिला देतां येऊं लागलीं, आणि पाऊस येतांना पाहून वाळत घातलेला मका आंत आणण्यासाठीं त्या घरानें तिला न संकोचतां हांक मारली, कीं ती तेथें रुळली असें खुशाल समजा. पुढचें काम तिला तीं माणसेंच सांगतील.