भिंतीवरची रेघ

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पक्ष्यांवर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. आधीच कबूल करते की मी पक्षितज्ज्ञ नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून फिरते, एवढंच.

आठवीतली आपली नांदूर मधमेश्वरची सहल आठवते का? विज्ञानाच्या सरांकडे एकच दुर्बीण होती आणि आपण साठजण रांगेत. माझा नंबर आला तेव्हा मी डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवत होते, म्हणून रांगच सोडली. सर समोर बसलेत, म्हणून तीस वर्षांनी माफी मागते.

पुढे नोकरीमुळे ऐरोलीला स्थिरावले. तिथे ठाण्याची खाडी हाकेच्या अंतरावर. हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी येतात, चिखलावर गुलाबी पट्टाच दिसतो. कॉलसेंटरच्या पाळीतून बाहेर पडणारी मुलं, भाजी घेऊन निघालेल्या बायका, सगळे क्षणभर थांबतात. तिथेच मला हे वेड लागलं. आणि मग लक्षात आलं, अरे, आपल्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर असलेलं पाणी तर आपण डबा खाण्यात घालवलं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा एकत्र येतात. तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला, तो कोपरगाव-राहात्याकडे कालव्यांनी पाणी न्यायला. पक्ष्यांचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. पण दोन्ही नद्या गाळ आणत राहिल्या, उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या आणि पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत नाव आलं. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर पाणथळ जागा. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतरच्या. लडाख-तिबेटकडचे चक्रवाक इथे येतात, क्रौंच येतात, चमचे येतात. आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी पक्षी तर थव्यांनी असतो. पहिल्याच खेपेला मी त्याला बदक म्हणाले, तेव्हा चापडगावचा वाटाड्या मुलगा हसून म्हणाला, "ताई, टिळा बघा की."

आता मुद्द्यावर येते. रामसरची बातमी आली त्या दिवशी मी आपल्या ग्रुपवर फुलं, टाळ्या आणि 'गाळाचं सोनं झालं' असा लांबलचक मजकूर टाकला होता. तासाभराने सायखेड्याच्या आपल्या मित्राचं उत्तर आलं. (नाव घेऊ नको म्हणालाय, तो तिसऱ्या रांगेत बसलाय.) त्याने एकच ओळ लिहिली होती: "तुझं ते सोनं ऑगस्टमध्ये माझ्या दुकानात कमरेएवढं होतं."

मी फोन खाली ठेवला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा मी ऐरोलीत बसून टीव्हीवर रामकुंडातला दुतोंड्या मारुती किती बुडाला ते बघत होते. चांदोरी-सायखेड्यात काय चाललंय हे विचारायचंही सुचलं नव्हतं. तिथल्या लोकांचं म्हणणं साधं आहे: बंधाऱ्यात गाळ साठला की पाण्याला जागा राहत नाही, मग ते मागे सरकतं आणि घरात येतं. ज्या गाळावर माझे पक्षी उतरतात, तोच गाळ त्याच्या उंबऱ्यापर्यंत आला होता.

पुढच्या महिन्यात त्याच्याकडे गेले. भिंतीवर पुराची रेघ होती, रंग देऊनही ओल फुटून आलेली. वहिनींनी चहा दिला आणि कपाटातली फुगलेली लग्नाची अल्बम दाखवली. पक्ष्यांचा विषय मी काढला नाही.

त्याआधी मी तिकडच्या एका गावात शाळेत कार्यक्रम केला होता. प्रोजेक्टर, ठाण्याच्या खाडीतले रोहित, पाणथळ जागेचे फायदे वगैरे. मुलं शांत होती. मला वाटलं, रंगलीत. शेवटी एका आजोबांनी विचारलं, "बाई, हे सगळं खरं, पण फळ्या कधी उचलणार?" फळ्या म्हणजे बंधाऱ्याचे दरवाजे. मी काहीतरी गोलमोल बोलले. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही म्हणतो की वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय काही बनवू नये. ऑफिसात हे दररोज सांगते, आणि इथे मीच विसरले.

आता वर्षातून तीन-चार वेळा जाते तेव्हा प्रोजेक्टर नेत नाही. मुलांना विचारते, तुमच्या घरात पाणी कुठवर आलं होतं? सगळे हात वर करतात, कोणी गुडघ्याला लावून दाखवतं, कोणी छातीला. मग नकाशावर नदी काढतो आणि पाणी कुठून येतं ते बघतो. पक्षी त्यानंतर येतात. मग मुलंच सांगतात की जांभळी पाणकोंबडी कुठल्या पाणकणसात घरटं करते आणि कोण जाळ्यात अडकतं. माझ्या मोबाइलवरच्या नोंदणीपेक्षा त्या वाटाड्या मुलाची फुटकी वही जास्त भरवशाची आहे, हेही मान्य करून टाकलंय.

गाळ अजिबात काढू नका, असं मी आता म्हणत नाही. सगळा खरवडून काढा असंही म्हणवत नाही. स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात आणि पूर पावसाळ्यात येतो. दरवाजांचं आणि गाळाचं वेळापत्रक दोघांना सांभाळून करता येईल, असं माझ्या इंजिनिअर डोक्याला वाटतं. पण ते गावकऱ्यांना आणि पक्षिमित्रांना एका सतरंजीवर बसवूनच ठरवायला हवं.

आणि एक कडू गोष्ट. नांदूर मधमेश्वरला पोहोचणारं पाणी आपल्या नाशिकमधून जातं. गोदावरीवर तरंगणारा फेस, पाणवेली, प्लॅस्टिक हे सगळं आपल्या गंगापूर रोडच्या, सिडकोच्या, पंचवटीच्या घरांतून निघतं. सायखेड्याच्या मित्राला आपण पूरही देतो आणि सांडपाणीही. यावर त्याने मला कधी टोमणा मारला नाही. मीच मारून घेते.

तर जानेवारीत एका रविवारी आपण जातोय. बस पहाटे साडेपाचला द्वारकेवरून सुटेल, उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही. सरांना दुर्बिणीसाठी पहिला नंबर. आधी सायखेड्याला उतरू; मित्राने चहा-पोह्यांचं कबूल केलंय, पण अट घातलीय की आधी भिंतीवरची रेघ बघायची आणि मग पक्षी.