अनोळखी माणसाशी दोन शब्द



“कोणत्या गावचं पाव्हणं?” हा प्रश्न विचारल्याशिवाय जुन्या पिढीचा एस.टी.चा प्रवास सुरू होत नसे. तंबाखूची चंची पुढे व्हायची, पीकपाण्याची चौकशी व्हायची आणि उतरताना दोघेही परके राहत नसत. हल्ली शेजारचा माणूस मोबाईलमध्ये डोके घालून बसतो. त्याच्याशी बोलावे तर राग येईल, असे वाटून दुसराही गप्प राहतो.

ही भीती कितपत खरी, याची परीक्षा अमेरिकेत शिकागो येथे झाली. निकोलस एप्ली व ज्युलियाना श्रोडर या मानसशास्त्रज्ञांचा हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. रोज गाडीने कामावर जाणाऱ्या प्रवाशांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्याने अनोळखी सहप्रवाशाशी बोलायचे, दुसऱ्याने एकटे गप्प बसायचे, तिसऱ्याने नेहमीप्रमाणे वागायचे. ‘काय बरे वाटेल?’ असे इतर प्रवाशांना नुसते विचारले, तेव्हा एकटे बसणेच बरे, असे मत पडले. प्रत्यक्षात उलट घडले. बोलत गेलेल्यांचा प्रवास सर्वांत सुखाचा झाला! कारण साधे होते. प्रत्येकाला वाटत होते की, समोरच्याला बोलण्याची इच्छा नाही. आणि समोरचाही तेच समजून बसला होता.

त्याच वर्षी कॅनडातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉफीच्या दुकानात गल्ल्यावरच्या माणसाशी हसून दोन शब्द बोललेली गिऱ्हाइके, झटपट पैसे देऊन निघालेल्यांपेक्षा अधिक आनंदात बाहेर पडली. नेदरलँड्समध्ये जुम्बो नावाच्या दुकानाने २०१९ मध्ये घाई नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी गप्पांचा वेगळा गल्लाच सुरू केला.

हे सारे कशासाठी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा ग्रासतो. एकटेपणाने हृदयविकार व पक्षाघाताचा धोकाही वाढतो. मुले पुण्या-मुंबईला गेलेल्या घरातील म्हातारीला दुकानदाराने “आजी, गुडघा कसा आहे?” म्हणून विचारले, तर कदाचित तेवढेच तिचे दिवसभराचे बोलणे असते.

पंढरीच्या वारीत अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणतात. नाव-गाव नंतर विचारतात. ही रीत वर्षभर पाळायला पैसा लागत नाही. सात-बाराच्या उताऱ्यासाठी तिष्ठत बसलेल्या शेजाऱ्याला, दवाखान्याच्या बाकावरील माणसाला, बाजारात भाजी विकणाऱ्या मावशीला दोन शब्द विचारावेत. अर्थात, ज्याला बोलायचे नाही त्याला त्रास देऊ नये आणि अनोळखी माणसाला बँकेची माहितीही सांगू नये. सावधपणा असावा, पण तोंडाला कुलूप नसावे.

पहिला शब्द कोणी बोलायचा, एवढाच प्रश्न असतो. तो आपणच बोलावा, ही नम्र विनंती.